ट्यूबेवाचून चाक

आमच्या राजुरास निसर्गाने दोन पदार्थ भूगर्भात दिले आहेत आणि एक भूपृष्ठावर. भूगर्भात दगडी कोळसा व चुनखडी, भूपृष्ठावर काटा. पहिल्या दोहोंची कीर्ती यवतमाळ जिल्ह्याबाहेरही गेली आहे. तिसऱ्याची कीर्ती मात्र येथील सायकलस्वारांपुरतीच राहिली आहे. शेताच्या कुंपणास घातलेली बाभळीची फांदी बैलगाडीमागे ओढली जाते आणि तिचे काटे रस्त्यावर पेरले जातात. पावसाळा सरला की सराट्याची वेल वाळते, तिचे फळ फुटते, आणि त्याचा प्रत्येक तुकडा असा काही पडतो की एक टोक आकाशाकडे राहिलेच पाहिजे. या सराट्यास संस्कृतात गोक्षुर म्हणतात. क्षुर म्हणजे वस्तरा. वैद्यांनी त्यास दशमुळांत मानाचे स्थान दिले आहे. परंतु ज्याच्या सायकलीची हवा त्याने घालविली आहे, त्यास हे गुणवर्णन त्या वेळी रुचत नाही.

या काट्यावरून आमच्या घरात गेल्या पौषात एक मोठा प्रसंग उद्भवला. त्यातून आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे, इतकाच या लेखाचा हेतू.

आमची नात अकरावीत शिकते आणि वणीस सायकलीने जाते-येते. एके दिवशी सायंकाळचा दिवा लागला तरी ती परतली नाही. थंडीचे दिवस; अंधार लवकर पडतो, आणि रस्त्यावर कोळशाच्या मालमोटारींची ये-जा अखंड असते. आमच्या सौ. दर दोन मिनिटांनी दारात जाऊन येत होत्या. शेवटी आठाच्या सुमारास मुलगी सायकल हातांनी ढकलीत आली. दोन्ही चाके बसलेली, तोंडावर कोळशाची धूळ, आणि डोळे कोरडे. ती रडली असती तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटले.

रात्री जेवणे झाल्यावर घरची सभा भरली. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, उद्यापासून सायकल बंद. ऑटोने जाईल, ऑटोने येईल. ऑटो लवकर निघतो, तेव्हा सायंकाळचा गणिताचा वर्ग सोडावा लागेल. पण इलाज नाही." धाकट्या बंधूंनी मान डोलावली. सूनबाई काही बोलल्या नाहीत. परंतु त्यांच्या मनातही भीतीच होती, हे दिसत होते. भीती खोटी नव्हती. आम्हीही "ठीक आहे" म्हणणार, इतक्यात नात आम्हांकडे वळून म्हणाली, "आबा, काटे रस्त्यावर आहेत. मग वर्ग माझा का सुटावा?"

आम्ही सारे आयुष्य मुलांस प्रश्न विचारण्यात घालविले. त्या रात्री या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "एक महिना थांबा. काट्याचा बंदोबस्त आम्ही करतो. न झाल्यास तुम्ही म्हणाल तसे." शब्द देऊन बसलो, आता तो पाळणे भाग होते.

वाऱ्याने भरलेल्या चाकाचा इतिहासच मुळी एका बापाच्या काळजीतून सुरू होतो. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप हा गृहस्थ गुरांचा डॉक्टर. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळे; म्हणून १८८७ साली त्याने रबराची नळी हवेने फुगवून तिच्या चाकांस बसविली, आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. ही कल्पना रॉबर्ट थॉमसन नामक दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थास १८४५ सालीच सुचून तिचे पेटंटही त्याने घेतले होते, हे पुढे उघडकीस आले. परंतु सायकलच तेव्हा बाल्यावस्थेत असल्यामुळे तो शोध झोपून राहिला. ज्या १८८८ साली डनलॉपने पेटंट घेतले, त्याच साली आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींचे दुकान थाटले. सायकलीच्या दुकानातून पुढे नांगर, चरक आणि किर्लोस्करवाडी निघाली, हे सर्वश्रुतच आहे. तेव्हा सायकलीच्या चाकात डोके घालणे हे विद्येस कमीपणा आणणारे काम नव्हे, असे आम्ही मनास समजाविले.

डनलॉपच्या चाकात हवा ट्यूबेत असते व टायर ही तिची ढाल. काटा ढाल भेदून नळीस टोचला की ताणलेले पातळ रबर छिद्र मोठे करते आणि हवा निघून जाते. मोटारगाड्यांत ही ट्यूब काढून टाकण्याचा यशस्वी प्रयत्न अमेरिकेतील गुडरिच कंपनीने १९४७ साली जाहीर केला. सायकलीस ती पद्धत १९९९ च्या सुमारास फ्रान्समधून आली. तीत टायरची कडाच रिमवर हवाबंद बसते आणि आत रबराच्या चिकाचे पातळ औषध घालतात. काटा शिरला की बाहेर धावणारी हवा तो चीक छिद्रापाशी नेते. तेथे तो थिजतो व बूच बसते. रुईचे पान तोडले असता चीक येऊन जखम बंद होते, हे आपण नित्य पाहतो. वड, पिंपळ, उंबर यांस आपले पूर्वज क्षीरवृक्ष म्हणत. रबराचे झाड ब्राझीलकडचे खरे, पण स्वभावाने त्याच जातीचे. झाड स्वतःची जखम ज्या रीतीने बुजविते, तीच रीत चाकास शिकविली आहे, हे कळल्यावर आम्हांस त्या विद्येविषयी आदर वाटू लागला.

येथपर्यंत सारे ठीक झाले. पुढची चूक आमची.

नातीच्या सायकलीवर एकदम प्रयोग करू नये, आधी आपल्या जुन्या सायकलीवर करावा, असा विचार आम्ही केला. विचार सावधपणाचा दिसतो. पण तोच अविचार ठरला. आमची सायकल काळी, दांडी-ब्रेकची, २८ इंची. तिच्या पुढच्या चाकास ३२ तारा आणि मागच्यास ४०. म्हणजे रिमला तितकीच भोके, आणि तीही थेट आरपार. कारण ते रिम पोलादाच्या एकाच पत्र्याचे असते. शिवाय टायरची कडा धरून ठेवील असा आकडा वा पायरी त्यास आत नसते. ट्यूबेच्या दाबानेच टायर आपल्या जागी राहते. हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते असे नाही. आम्ही कोणास विचारलेच नव्हते. गावात सायकल दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. तो आमचा एके काळचा विद्यार्थी. त्याच्या पाटीवर 'पंचर' असे लिहिलेले आहे. जाता-येता आम्ही त्यास कित्येक वर्षे सांगत आलो की शब्द 'पंक्चर' असा आहे. ज्याची पाटी आम्ही सुधारतो, त्यास चाकाविषयी विचारावयाचे, हे आमच्या मनात आले नाही. खरे सांगावयाचे तर, मनात आले होते. पण पाय तिकडे वळले नाहीत.

पुढच्या चाकाची ३२ भोके आम्ही चिकटपट्टीने बुजविली, आत औषध घातले, कडेस साबणाचे पाणी लावले आणि अंगणात बसून दहा वर्षांच्या नातवास पंप मारावयास लाविले. टायर फुगले. आमचा आनंद गगनात मावेना. "मार आणखी," आम्ही म्हणालो. पंपाचा काटा दर चौरस इंचास ४० पौंडांच्या पुढे सरकला, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन टायर रिमवरून उडाले. पांढरा चीक तुळशीवृंदावनावर, दोरीवरच्या धुतल्या सोवळ्यावर आणि आम्हां दोघांच्या तोंडावर उडाला. आमचा चष्मा होता म्हणून आमचे डोळे वाचले. मुलाने मान फिरविली होती म्हणून त्याचे वाचले. एवढेच. त्यात आमची हुशारी काही नव्हती.

आमच्या सौ.नी मुलाचा चेहरा धुतला, डोळे पाहिले, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, पोरीच्या चाकात काटा जाऊ नये म्हणून पोराच्या डोळ्यांत काय घालता?" सोवळ्याविषयी त्यांनी एक अक्षर काढले नाही. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आपण केवळ शब्द पाळण्याच्या भरात आहोत, की नातीच्या हितासाठी झटत आहोत, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला, आणि उत्तर फारसे भूषणावह आले नाही.

दुसऱ्या दिवशी उडालेले चाक घेऊन आम्ही त्या 'पंचर'च्या पाटीखाली गेलो. त्याने चाक हातात फिरवून पाहिले. हसला नाही. म्हणाला, "गुरुजी, याले आतून काठच नाही, त टायर धरून राहीन कशाले? पोरीची सायकल आणा. तिचं रिम दोन पदरी आहे. तिच्यावर होते. पण पह्यलेच काहून नाही आले माह्याकडे?"

या शेवटच्या प्रश्नासही आम्हांपाशी उत्तर नव्हते. पौष महिना आम्हांस प्रश्नांचाच गेला.

नातीची सायकल २६ इंची, रुंद टायरची. रिम ॲल्युमिनियमचे, दोन पदरी, आणि कडेस आतल्या बाजूने आकडा असलेले. तीवर जे केले ते क्रमाने सांगतो. रविवारी सकाळी तो, नात आणि आम्ही असे तिघे बसलो. आमच्याकडे काम दिवा धरण्याचे होते.

प्रथम टायर, ट्यूब आणि आतली रबरी पट्टी काढली. रिमच्या आत धूळ व गंज असता पट्टी धरत नाही. म्हणून बारीक काचकागदाने घासून स्पिरिटने पुसले. मग मजबूत चिकटपट्टी, रिमच्या आतल्या रुंदीइतकीच, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूस आरंभ करून ताणून दोन वेढे दिली. खोबणीत ती बोटाने दाबून बसवावी लागते. एक सुरकुती राहिली तरी हवा तेथूनच जाते. नंतर २० इंची लहान सायकलीची नवी ट्यूब, मोटारगाडीच्या धर्तीच्या व्हॉल्व्हची, घेतली. ती किंचित फुगवून बाहेरच्या परिघाने मधोमध चिरली व आत बाहेर स्वच्छ पुसून २६ इंची रिमवर ताणून बसविली. लहान ट्यूब मोठ्या रिमवर ताणली जाते, म्हणून ती घट्ट बसते, आणि तिचा व्हॉल्व्ह आयताच मिळतो. चिरलेल्या ट्यूबेचे दोन्ही पदर रिमच्या कडांवरून बाहेर लोंबत ठेविले व त्यांवर टायर चढविले. टायरची कडा शक्य तो हातांनीच चढवावी. लोखंडी पाना लाविल्यास खालचा पदर फाटतो.

त्यानंतर कडेस साबणाचे पाणी. मग व्हॉल्व्हची आतली सुई काढून काँप्रेसरची हवा एकदम सोडली. हे महत्त्वाचे. हातपंपाची हवा जितकी आत जाते तितकीच कडेने निघून जाते. कडा बसविण्यास हवेचा लोंढा लागतो. टायर हळूहळू वर आले आणि दोन्ही बाजूंनी 'टक्, टक्' असा आवाज झाला. "बसलं," तो म्हणाला. त्याने ३० पौंडांवर काटा थांबविला. आम्ही सवयीने "आणखी?" म्हणणार होतो, गप्प राहिलो. मग हवा सोडून व्हॉल्व्हच्या वाटेने सुमारे ७५ मिलिलिटर औषध पिचकारीने घातले, सुई लावली, पुन्हा ३० पौंड भरले. चाक सर्व बाजूंनी हलविले, मग बादलीवर आडवे ठेविले. दहा मिनिटे एका कुशीवर, दहा मिनिटे दुसऱ्या. साबणाच्या पाण्यात जेथे बुडबुडे दिसत होते, ते एकेक करून थांबले. दुसऱ्या दिवशी हवा टिकलेली पाहून लोंबणारे पदर धारदार पात्याने कापले.

काही पथ्ये सांगावयास हवीत. कारण ती न पाळल्याचे फळ आम्ही अंगणात पाहिले आहे. साध्या रिमचे असे रूपांतर ही शेवटी तडजोडच असते. ज्या रिमला आतून आकडा नाही, त्यावर हा प्रयोग करूच नये. दाब ३५ पौंडांपुढे नेऊ नये. विदर्भातील वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या सायकलीचा दाब आपोआप काही पौंड वाढतो, हे ध्यानात ठेवावे. उलट दाब फार उतरला तर वळणावर टायरची कडा सुटून हवा निसटते. म्हणून दर आठवड्यास दाब पाहावा. औषध उष्णतेने वाळते. आमच्याकडे दोन-तीन महिन्यांनी थोडे नवे घालावे लागते. हवा भरताना तोंड चाकावर आणू नये, आणि मुलांस जवळ बसवू नये. काटा टोचलेला दिसला तर उगाच उपटू नये. तो स्वतःच आपले बूच असतो.

आमच्या काळ्या सायकलीचे काय, असे कोणी विचारील. तिची ट्यूब तिला परत दिली. तिच्या व्हॉल्व्हचा आतला भाग सबंध निघतो, त्या वाटेने तेच औषध थोडे ट्यूबेत घातले. बारीक काट्यास तेवढे पुरते. मात्र व्हॉल्व्हवरची ती लहानशी रबरी नळी औषधाने चिकटते. म्हणून हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूस ठेवावा.

काम आटोपल्यावर आम्ही त्या गृहस्थास मनातले बोललो. "अरे, साऱ्यांनी अशी चाके केली तर तुझे दुकान चालणार कसे? आम्ही तुझ्याच पोटावर पाय देववीत आहोत." तो हात पुसत म्हणाला, "गुरुजी, काटा थांबते काय? दूध वाळते, पट्टी सुटते, टायर झिजते. लोक येतेच. आजवर फुटल्यावर येत होते, आता न फुटावं म्हणून येतील. पैसा तोच, शिव्या कमी." अर्थशास्त्रावर आम्ही एवढे सुबोध विवेचन वाचलेले नाही. पण आमच्या समाधानासाठी तो बोलला, की त्याचा तसाच विश्वास होता, हे आम्ही अजून ठरवू शकलो नाही.

महिन्याची मुदत संपली तेव्हा नातीने टायरमधले काटे मोजून दाखविले: पुढच्या चाकात चार, मागच्यात सात. हवा उतरली नव्हती. चिरंजीवांनी वाकून ते पाहिले आणि काही न बोलता उठून गेले. आमच्या घरात यास संमती म्हणतात.

परंतु खरी परीक्षा फाल्गुनात झाली. वणीहून परतताना एका पत्र्याच्या धारेने तिच्या मागच्या टायरची बाजू कापली. अशा जखमेस चीक पुरत नाही. चीक नुसता वाहून जातो. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा अर्ध्या तासाने उशिरा आली, पण सायकलीवर बसून आली. पिशवीत तिने एक नवी ट्यूब, दोन पाने व छोटा पंप बाळगला होता. रस्त्याच्या कडेस टायर उतरवून, कापलेल्या जागी आतून वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा लावून, तिने एकटीने ट्यूब घातली होती. हे तिला कोणी शिकविले? रविवारी आम्ही दिवा धरून उभे असता ती शिकली. हात बरबटलेले, कपाळावर चिकाचा पांढरा डाग; सूनबाईंनी तिला पाणी दिले, आणि तिच्या आईच्या डोळ्यांत आम्हांस त्या दिवशी भीती दिसली नाही.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की, काट्याचा बंदोबस्त आम्ही केलाच नव्हता. बाभूळ आहे तेथे आहे, सराटा दरवर्षी उगवतो. आम्ही शब्द दिला तो चाकाविषयी. उपयोगी पडले ते हातांस लागलेले वळण. ट्यूब असो वा नसो, चाक केव्हा तरी बसावयाचेच. ते बसले असता मुलीने कोणाची वाट पाहत अंधारात उभे राहू नये, इतके झाले म्हणजे पुष्कळ झाले. तिचा गणिताचा वर्ग चालू आहे.

परवा तो गृहस्थ पाटी घेऊन घरी आला. त्यास 'येथे ट्यूबलेस करून मिळेल' असे खाली लिहून हवे होते. आम्ही चांगल्या वळणदार अक्षरांत लिहून दिले. वरचा 'पंचर' शब्द डोळ्यांसमोरच होता; कुंचला हातात होता, आणि रंगही उरला होता. आम्ही तो शब्द तसाच राहू दिला.